कुंकवाचा गट

काचेच्या बोटभर पट्टीवर मधोमध चिकटलेला तो लालसर ठिपका — नुसत्या डोळ्यांना ठिपकाच, बोगनवेलीच्या वाळलेल्या पाकळीएवढा आणि तेवढाच पातळ — शरयूनं खिडकीकडे धरला, तेव्हा सकाळचं ऊन त्यातून आरपार आलं आणि आत कुठेतरी निळ्या रेघा हलल्यासारख्या तिला वाटल्या. वाटल्याच. सूक्ष्मदर्शकाशिवाय त्या दिसत नाहीत हे तिला पुरतं ठाऊक होतं. पण ज्या घरात आपण राहिलो, त्याच्या बंद दारापुढे उभं राहिलं तरी आतली चूल कुठे आणि फडताळ कुठे हे दिसतंच ना, तसं. पट्टीच्या कडेला कागदाचा तुकडा, त्यावर तिचंच अक्षर. कु. ४.

कु. म्हणजे कुंकू. कुंकवाच्या गटातला चौथा उंदीर. त्याच्या फुप्फुसाचा, केसाहून पातळ असा एक काप.

"आई, मले दे नं," आल्हाद म्हणाला. दिवाणाखालची प्लास्टिकची पेटी त्यानंच ओढून काढली होती आणि आता एकेका खाचेत बोट घालून तो पट्ट्या मोजल्यासारखं करत होता — एक, दोन, पाच, धा.

"काच आहे ती. लागते."

"अन् ह्याच्यात काय हाये?"

"उंदीरमामा."

त्यानं डोळा अगदी जवळ नेला. "कुठी हाये? दिसत नाई."

"लहान झालाय," ती म्हणाली, पण त्याचं लक्ष तोवर खोकल्यानं पळवलं होतं. एक खोकला, मग दुसरा, मग त्यामागून ती बारीक शीळ, दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी. शरयूनं पट्टी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि त्याचा सदरा वर करून पोटाकडे पाहिलं. छातीकडे नाही पाहायचं, पोटाकडे. मोबाइलमधलं घड्याळ समोर धरून तिनं मिनिटभर मोजलं. चौतीस. काल बत्तीस होते. दोन श्वास म्हणजे काही नाही, तो आत्ताच पेटी ओढत होता, दमला असेल… सोंगणी झाली की मोताळ्याच्या चारी बाजूंनी मळणीयंत्रं सुरू होतात आणि सोयाबीनचं कुटार, बारीक भुसकट, हवेत असं भरतं की दोरीवरचे कपडे झटकून घरात घ्यावे लागतात. दर वर्षी याच दिवसांत त्याची छाती वाजते. दर वर्षी म्हणजे दोनच वर्षं. तिसरं आता सुरू झालं.

मोबाइल हातात होताच, म्हणून प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांचा कालचा निरोप तिनं पुन्हा वाचला, सातव्यांदा की आठव्यांदा. 'जर्नलनं कंट्रोलचे आणखी चार फोटो मागितले आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत मेल कर. चांगले निवड. पेपरवर माझ्यानंतर तुझं नाव दुसरं आहे. आणि नव्या प्रकल्पातल्या जागेचं मी बोलून ठेवलंय, पेपर लागला की तुला बोलावतील.'

बोलावतील. बुलढाण्याचं ते फार्मसी कॉलेज, मागच्या बाजूची निलगिरीची झाडं, दुसऱ्या मजल्यावरची खोली, तिथल्या टेबलावर प्लास्टिकच्या टोपीखाली झाकून ठेवलेला सूक्ष्मदर्शक… त्याची टोपी काढताना येणारा तो आवाज तिला गेल्या चार वर्षांत कितीदा तरी ऐकू आला होता. कुकरची शिट्टी मोजताना, लंगोट वाळत घालताना. डोळा भिंगाला लावायचा, आधी सगळं धुकं, मग बोटांनी चकती हलकेच फिरवत न्यायची आणि एका जागी, एकाच, ते धुकं बसतं आणि जग उघडतं. त्या क्षणी शरयू कुणाची कोणीच नसायची. मी तिथे नुसती पाहणारी होते… आणि असं पाहत असताना आपल्याला कुणी पाहत नाही हे किती मोठं सुख असतं, हे तिला मोताळ्यात आल्यावर, सून झाल्यावर, आई झाल्यावर कळलं.

"झाला काय उठून माहा राजा?" तिच्या सासूबाई, अंबूबाई, पितळेची वाटी पदरानं धरून आत आल्या. वाटीत हिरवट काळं पाणी, त्यावर मधाचा तवंग. "घे रे सोन्या. अडुळसा हाये. एका दमात घेशीन त शेंगदान्याचा लाडू."

"आई, त्याला श्वासाचा पंप द्यायचाय आधी. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ सांगितलाय. तीन महिने."

"त्या पंपाची सवय लागते बाई, मंग सुटत नाई. लक्ष्मीकांत बी म्हने, थोडे दिवस अडुळसा देऊन पाहू. अन् तूच त लिवलं हाये ना पुस्तकात, अडुळशानं फुप्फुस सुधरते म्हनून. आम्ही काय अडानी, तुही वाचून दाखवेल गोष्ट सांगून राह्यलो तुले."

पुस्तक, म्हणजे तिचा प्रबंध, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात होतं. काळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं. शेगावहून आणलेल्या गजानन महाराजांच्या तसबिरीला टेकवून ठेवलेलं. घरी कुणी आलं की अंबूबाई पाणी देतादेता सांगायच्या, आमच्या शरयूनं अडुळशावर पुस्तक लिवलं, बुलढान्याले मान्य केलं. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल वाहिलं होतं. ते अजून तिथेच सुकत होतं.

तिचा नवरा लक्ष्मीकांत तहसील कचेरीत जायला निघताना, बुटाची नाडी बांधत, मान वर न करता म्हणाला, "तुझंच संशोधन आहे. तुझाच त्याच्यावर विश्वास नाही का?" चिडवत म्हणाला. चांगला माणूस. उत्तर असेल असं त्याला वाटलंच नव्हतं, त्यामुळे थांबला नाही.

काढ्यानं काही बिघडणार नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या देतात, तिलाही माहेरी उंद्रीला आईनं पाजलाच होता. पण त्या वाटीमागे तिचं वाक्य उभं होतं. पान एकोणसत्तर, शेवटून दुसरा परिच्छेद. 'अडुळसा दिलेल्या गटातील फुप्फुसांची संयोजी ऊती निरोगी गटाइतकीच आढळली.' किती सरळ वाक्य. आल्हादनं नाक मुरडून घोट घेतला आणि डोळे मिटले, तेव्हा आपण लिहिलेलं वाक्यच त्याच्या घशाखाली उतरतंय असं तिला वाटलं.

*

चार वर्षांपूर्वी तीन गट होते, आणि कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये लोखंडी मांडणीवर तीन फळ्या. पांढरे उंदीर सगळे सारखेच दिसतात म्हणून अंगावर रंगाची खूण करायची पद्धत. पिवळा, जांभळा आणि लाल असे तीन रंग कपाटात असायचे. ज्यांच्या फुप्फुसात औषध घालून मुद्दाम व्रण पाडायचे ते पिवळे. व्रण पाडून वर अडुळशाचा अर्क द्यायचा ते जांभळे. आणि ज्यांना काहीच करायचं नाही, नुसतं मिठाचं पाणी द्यायचं, जे निरोगी राहणार आणि ज्यांच्याशी बाकीच्यांची तुलना होणार, तो कंट्रोलचा गट, ते लाल. कपाळावर, दोन कानांच्या मध्ये, लाल टिकली. गफ्फारभाई, जे उंदरांचं खाणंपिणं आणि पिंजरे पाहायचे, त्यांनी पहिल्याच दिवशी नावं ठेवली होती. हे हळदीवाले, ह्या जांभळ्यायले अडुळसा, अन् हे खालच्या फळीवरचे कुंकवाले, सवाष्णी हो मॅडम, यायले काई दुःख नाई.

सवाष्णी सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीकडून. फरशी पुसली की ओल तिथेच. खिडकी वर.

आणि मग तिला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात तिला त्या खोलीचा वास सोसेना — लाकडाच्या भुशात मुरलेल्या मुताचा तो झिणझिण्या आणणारा वास, जो डोळ्यांतून पाणी काढतो. घरूनही सांगणं होतं, पोटुशीनं तिकडे जास्त जाऊ नये. ती दाराशी उभी राहायची, ओढणी नाकाला लावून, हातात नोंदवही, आणि गफ्फारभाई आतून ओरडून वजनं सांगायचे. दिवाळीच्या सुट्टीत भुसा संपला. दोन दिवसांनी बदलायचा तो पाच दिवसांनी बदलला, मग सहा. चालेल, ती म्हणाली होती. आपण म्हणालो होतो. कोणी विचारलं नसतं तरी ते 'चालेल' तिच्याच तोंडचं होतं.

सुट्टीनंतर गफ्फारभाई एक उंदीर तळहातावर घेऊन दाराशी आले. त्याच्या नाकाच्या टोकाला लाल, डोळ्यांच्या कडांना लाल, पुढच्या पंजांना लाल.

"मॅडम, कुंकवाल्यायचं नाक पाहा बरं."

"रंग पसरलाय, गफ्फारभाई. एकमेकांना चाटतात ना."

"रंग नोहे, मॅडम. रंग धुतला त जात नाई. हे म्या काल वल्ल्या कपड्यानं पुसलं, गेलं. सकाळी पुन्हा हजर." आणि तो उंदीर त्यांनी अलगद उचलून स्वतःच्या कानाला लावला, फोन लावावा तसा, डोळे मिटून. "छातीत घुरघुरते हो. आयका."

तिनं नाही ऐकला. ओढणी नाकाशी घट्ट धरली, सरांनी वेळापत्रक भिंतीला लावलं होतं आणि तिला — हे खरं होतं, हे ती चार वर्षं स्वतःपासून लपवत होती — तिला तो रंगच असायला हवा होता. आठव्या महिन्याआधी प्रबंध द्यायचा होता. नवे उंदीर, नवा प्रयोग, पुन्हा तीन महिने, हे जमणारं नव्हतं. तिनं वहीत लिहिलं, तारीख घालून, सुवाच्य: लाल खूण नाकापर्यंत पसरली आहे. उंदीर एकमेकांना चाटतात त्यामुळे.

मग कु. १ ते कु. ६ यांची फुप्फुसं काचेवर आली, निळ्या रंगात संयोजी ऊतीचे, म्हणजे व्रणाचे, धागे उठून दिसले, आणि ते नको तितके होते. निरोगी फुप्फुस म्हणजे जवळजवळ काहीच नसतं. सगळी हवा, आणि हवेला धरून ठेवणारी जाळी. इथे श्वासनळ्यांभोवती काळ्या ठिपक्यांची गर्दी जमली होती आणि गर्दीच्या पाठीमागून निळे धागे जाड होत चालले होते. सरांनी डोळा लावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "एखाददुसरा असतोच असा. चांगल्या जागा निवड, शरयू. बघ, ही कशी स्वच्छ आहे." आणि ती जागा खरंच स्वच्छ होती.

आल्हाद आठ महिन्यांचा असताना, तो अंगावर पीत असताना, एका हातानं मोबाइल धरून सहज काही वाचता वाचता तिला ते सापडलं. उंदीर आजारी पडला की त्याच्या डोळ्यांतून, नाकातून लाल पाणी येतं. रक्त नसतं ते, रंगही नसतो. जंतू महिनोन्‌महिने छातीत गप्प बसून असतात. जागा कोंदली, भुशातला वास साचला, की उठतात. तिनं मोबाइल पालथा ठेवला होता. बाळ पीतच होतं. तेव्हाच सगळं कळलं होतं, एका क्षणात, गणित सुटावं तसं: फोटो स्वच्छ जागांचे होते, पण मोजमाप सगळ्या फुप्फुसांचं; अडुळशाची फुप्फुसं निरोगी गटाइतकीच आढळली, कारण निरोगी म्हणून आपण ज्यांना धरलं तेच आजारी होते. अडुळशानं काही केलं असेल किंवा नसेलही. ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. आजाऱ्याला आजाऱ्याशेजारी उभं करून आपण म्हणालो होतो, बघा, सारखे आहेत की नाही.

*

आठवडी बाजारात तिनं आल्हादच्या तोंडाला रुमाल बांधला. त्यानं दहा पावलांत काढून टाकला. बाजार ऐन भरात होता, हिरव्या मिरचीचे ढीग, बैलगाडीभर कोथिंबीर, वांगी. कुणीतरी आल्हादच्या हातात लाल गोळी दिली, काडीला लावलेली, आणि ती नको म्हणेपर्यंत त्यानं ती तोंडात घातलीही.

"ओ मॅडम. शरयू मॅडम."

वेताच्या खुराड्यांमागे, पोत्यावर बसलेले, दाढी पार पांढरी झालेली. गफ्फारभाई. तिचे पाय आधी थांबले, मग ती.

"वळखलं म्हन्जे. म्या म्हनलं आता काय वळखते. कॉलेजातलं कंत्राट सरलं, तवापासून हाच धंदा." त्यांची नजर खाली गेली. "हा कोन? हा तवा पोटात होता तो? मोठा झाला की बे तू."

"कोंबडी चावते?" आल्हादनं विचारलं.

"चावत नाई, टोचते. पन तुले नाई टोचनार, तू त पाव्हना हायेस. लाव हात. मांगून लाव, तोंडाकडून नोको." त्याचा हात धरून त्यांनी तो कोंबडीच्या पाठीवरून फिरवला, आणि मग अगदी सहज, पाऊसपाण्याचं विचारावं तसं म्हणाले, "आपले कुंकवाले कसे निंगाले हो शेवटी? मले कोनी सांगतलंच नाई."

बाजाराचा सगळा गोंगाट एकदम लांब गेला.

"चांगले निघाले," शरयू म्हणाली.

"हाव? मंग बरं झालं." ते खरंच खूश झाले, हे सगळ्यात वाईट होतं. "म्या उगाच तवा तुमचं डोकं खाल्लं, रंग नोहे, रंग नोहे. तुमी म्हनल्या रंगच हाये, त रंगच असन. शिकेल मानूस डोये लावून पाह्यते, आपन काय, कानानं पाह्यतो." ते हसले. "तवापासून कोंबडी बी कानाले लावनं सोडलं म्या. आता हेच पाहा, ही लाली. हिची छाती मले सकाळपासून बोलल्यावानी वाटते. पन आमचा कामरान म्हनते, अब्बा, तुमचे कान गेले. गेले असन बा. उमर झाली."

त्यांनी खुराड्यात हात घालून एक तांबूस कोंबडी वर काढली होती. ती पंख आवरून बसली, डोळा अर्धा मिटलेला.

"द्या इकडे," शरयू म्हणाली.

"काऊन? कपडे खराब होतीन."

"द्या तर."

भर बाजारात, पिशवी पायाशी ठेवून, तिनं ती कोंबडी दोन्ही हातांत घेतली — ऊब, हलकेपणा, पिसांखाली धडधडणारं काहीतरी इतकं जवळ — आणि कानाला लावली. डोळे आपोआप मिटले. आधी फक्त लोकांचा कालवा. मग, चकती फिरवत नेल्यासारखा तिनं श्वास रोखला, आणि एका जागी ते सगळं धुकं बसलं. घुर्र. ओलसर, खोलवरून. पुन्हा घुर्र. हा आवाज तिला माहीत होता. रोज पहाटे ती आल्हादच्या पाठीला कान लावत होती, तो झोपेतून उठायच्या आत, कुणी पाहायच्या आत.

"घुरघुरतेय," ती म्हणाली. डोळे उघडले. "गफ्फारभाई, तुमचे कान बरोबर आहेत."

त्यांनी कोंबडी परत घेतली, आणि तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. "मंग," ते सावकाश म्हणाले, "मंग तवाचं, ते…"

प्रश्न त्यांनी पुरा केला नाही. तिच्या चेहऱ्याचं काय झालं असेल ते तिला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं. मग त्यांनी मान हलवली, रागानं नाही, कुणीतरी फार दिवसांनी दारावर टकटक करावी आणि आपण म्हणावं, हो, आहे घरात, तशी. त्या कोंबडीला त्यांनी दुसऱ्या, रिकाम्या खुराड्यात ठेवलं.

"येगळी ठेवतो हिले," ते म्हणाले. "पोराले जपा. छाती वाजते त्याची. इथून आयकू येते मले."

*

दुपारी आल्हाद झोपला. शरयूनं लॅपटॉप उघडला, जुना, सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेणारा. कंट्रोलचे बेचाळीस फोटो होते. त्यातले सहा 'निवडक' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. दोन प्रबंधात गेलेले, चार उरलेले. अगदी चार. मागितले होते तेवढेच, जणू कुणी तिच्यासाठी मोजून ठेवलेले. पाठवायला दोन मिनिटं लागली असती. मग ती दुसऱ्या मजल्यावरची खोली. आठवड्यातून चार दिवस बुलढाण्याची एसटी, राजूर घाटाची वळणं, डबा, खिडकीशी बसलेली एक बाई जी कुणाची कोणीच नाही… ती ओढ इतकी खरी होती की तिच्या तळहातांना चकतीच्या खाचा जाणवल्या. कुणाचं काय जाणार होतं. अडुळसा तसाही सगळे घेतात. उंदीर तसेही मेलेत.

तिनं उरलेल्या छत्तीसांवर बोट ठेवलं. चार वर्षांत ते तिनं एकदाही उघडले नव्हते.

पहिला उघडला. आणि ती विसरलीच होती की हे इतकं… मधोमध श्वासनळी, गोल, विहिरीसारखी. विहिरीच्या काठावर खेटून उभी राहिलेली ठिपक्यांची गर्दी. गर्दीच्या मागून निघालेला निळा धागा, आधी एक, मग त्याला दुसरा येऊन मिळालेला, पीळ पडलेला, आणि लांबवर, जिथे नुसती हवा असायला हवी तिथे, त्या निळ्याची एक सैल जाळी. कु. ४. रंगाच्या टिकलीचा, सवाष्ण म्हणून ठेवलेला, काही दुःख नसलेला. तीन महिने हा आपल्या छातीत हे विणत होता, खालच्या फळीवर, ओलीत, आणि कपाळावर आपण कुंकू लावलं होतं म्हणून नाकावरचं दिसलं नव्हतं. दिसलं होतं. दिसलं होतं.

दुसरा उघडला. तिसरा. किती वेळ गेला तिला कळलं नाही. सरांनी एकदा निरोप पाठवला, 'झालं का?', तो वर येऊन मावळला. तिला कळत गेलं ते एवढंच की चार वर्षं जिची आठवण काढत ती झुरली ती खोली नव्हती, टेबल नव्हतं, कदाचित ते दुसरं नावही नव्हतं. हेच होतं ते. समोर जे आहे ते असं पाहणं, त्यातली चांगली जागा न शोधता. आणि गंमत अशी की त्या खोलीत, भिंगाला डोळा लावून, नेमकं हेच तिनं केलं नव्हतं. ते आज पहिल्यांदा केलं, भर बाजारात, कोंबडीला कान लावून. मग आपण इतकी वर्षं कशासाठी झुरलो, जे कधी हातून घडलंच नाही त्यासाठी? तसंही झुरता येतं का माणसाला?… येत असेल.

तिनं मेल उघडली. सर, असं लिहिलं. मग: फोटो पाठवते आहे. मग 'चार' हा शब्द लिहिला, खोडला. बेचाळीस, असं लिहिलं. तोही शब्द काही वेळ तिच्याकडे पाहत राहिला. त्याखाली काय लिहायचं ते तिला सुचलं, म्हणजे सुचायला काही नव्हतं, वाक्य चार वर्षांपूर्वीच वहीत लिहून झालं होतं, फक्त दुसरा अर्धा बदलायचा होता. लाल खूण नाकापर्यंत पसरली आहे… तिथे ती थांबली. पुढची कर्सरची कांडी लुकलुकत राहिली.

बाहेर ऊन उतरलं. अंबूबाईंनी देवापुढे दिवा लावला, काचेच्या कपाटात त्याचा उजेड हलला, सोनेरी अक्षरांवरून गेला. आल्हाद उठला तो किरकिरतच. शरयूनं त्याला मांडीवर घेतलं, कट्ट्यावरच्या काचपट्टीशेजारी पडलेला पंप उचलला, हलवला, त्याच्या तोंडावर नळी धरली. एक. थांब. हळू घे. दोन.

"अन् काढा?" अंबूबाई दारातून म्हणाल्या. "पुस्तकात त…"

"आई," ती म्हणाली, "त्या पुस्तकाचं मला तुम्हाला एकदा काही सांगायचंय."

"सांग मंग."

"सांगते."

अंबूबाई थोडं थांबल्या, मग चुलीवर दूध उतू जातंय की काय म्हणून आत गेल्या. त्यांच्या हातातल्या वाटीचा वास मागे राहिला.

तेव्हा शरयूला दिसलं. आल्हादच्या नाकाखाली, डाव्या बाजूला, वरच्या ओठाच्या लवेवर, लाल. बारीक, वाळलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. बाजारातली गोळी, तिच्या मनात आलं, रंगच असेल, आणि त्या शब्दांचा आवाज तिला इतका ओळखीचा वाटला की तिनं त्याची हनुवटी वर केली. रंगच असेल. असेलही. लेकराला असं काही नसतं, माणसाच्या नाकातून तसलं लाल येत नाही, हे तिला ठाऊक होतं. गोळी लालच होती, हे तर तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिनं ओढणीचं टोक ओलं केलं आणि पुसलं. गेलं. ओढणीवर गुलाबी डाग उरला. तो तिनं खिडकीतल्या शेवटच्या उजेडाकडे धरून पाहिला, उलटा करून पाहिला. आल्हाद तिच्या दंडाला डोकं लावून खिडकीबाहेर बघत होता, श्वास अजून शिट्टी वाजवत होता, पण सैल. तिनं मोजले नाहीत. कान पाठीला लावला, उघडपणे, दारातून कोणीही येवो, आणि ऐकत राहिली.

धुतलं, गेलं. आता सकाळी पाहायचं.